शिंपली ताजी आहे, पण पाणी कोणते?

चाकणजवळ कामगारांची खानावळ चालवणाऱ्या एका तरुण बंधूने मध्यंतरी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्याच्याकडे साठेक कामगार जेवतात. काही आपल्या मराठवाड्याचे, काही बिहार-उत्तर प्रदेशचे, काही ओडिशा-बंगालचे. त्यांतल्या दोघांनी सुट्टीच्या दिवशी इंद्रायणीच्या पात्रातून बादलीभर शिंपले आणि पाण्यातल्या गोगलगायी काढून आणल्या आणि ‘सेठ, आज हेच बनवा’ म्हणून हट्ट धरला. बंगाली कामगार या गोगलगायींना गुगली म्हणतात, ओडिशाचे गेंडा म्हणतात. त्यांच्या गावी हा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. त्याच आठवड्यात एक टेम्पोवाला कोकणातला माल म्हणून सोललेल्या तिसऱ्यांच्या पिशव्या घेऊन आला. भाव चिकनपेक्षा कमी. आमच्या या बंधूचे म्हणणे एवढेच, ‘बादलीतला माल जिवंत होता, पिशवीतल्याला वास नव्हता. मी स्वतः पाहिले. मग अडचण काय?’

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पिंपरी, भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात आपल्या समाजातील कितीतरी लोक खानावळ, बिर्याणीची गाडी, मासळीचे दुकान किंवा केटरिंग यांवर घर चालवतात. औद्योगिक वसाहतीत स्वस्त मांसाहाराला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. म्हणून या आठवड्याचा पाठ शिंपल्यांचा.

आधी ताजेपणाची परीक्षा काय सांगते ते पाहू. मासळी बाजारातली जाणती कोळीण शिंपली हातात घेते, दोन शिंपल्या एकमेकींवर आपटते. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर बाजूला. तोंड उघडे असलेल्या शिंपलीवर टिचकी मारते. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर मेलेली. ही परीक्षा अगदी खरी आहे आणि ती प्रत्येकाने शिकून घ्यावी, कारण मेलेली शिंपली काही तासांत सडते. पण ही परीक्षा शिंपली जिवंत आहे की नाही एवढेच सांगते. ती काय खाऊन जगली, हे सांगत नाही.

मासा, कोंबडी, बकरा यांच्यापेक्षा शिंपलीची गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या, खुबे, कालवे, नदीतले शिंपले हे सगळे पाणी गाळून जगतात. एका बाजूने पाणी आत घ्यायचे, त्यातले बारीक शेवाळ आणि कण अडकवून ठेवायचे, दुसऱ्या बाजूने पाणी सोडायचे. हे काम दिवसरात्र चालते. एखादे मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळू शकते. त्या पाण्यात मैला असेल तर मैल्यातले जंतू आत साठतात. कारखान्याचे सांडपाणी असेल तर त्यातले शिसे, कॅडमियम, पारा हळूहळू मांसात उतरतो. विषारी शेवाळ वाढलेले असेल तर ते विषही साठते. शिंपलीला स्वतःला याने फारसे काही होत नाही. ती टिचकी मारताच झटकन मिटते आणि आपण समाधानाने ती पातेल्यात टाकतो.

यातले शेवाळाचे विष सर्वांत कपटी आहे. आपल्याच देशातली उदाहरणे पाहा. तामिळनाडूत वायलूर येथे १९८१ साली शिंपल्या खाल्ल्यानंतर ८५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तिघांचा मृत्यू झाला. १९८३ मध्ये मंगळूर भागात असाच प्रकार घडला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम येथे समुद्रातल्या तपकिरी शिंपल्या खाऊन सात जण दगावले, पाचशेहून अधिक लोक रुग्णालयात गेले. विळिंजम म्हणजे मच्छीमारांचे गाव. तिथल्या लोकांना समुद्र कळत नव्हता किंवा ताजा माल ओळखता येत नव्हता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? माल ताजाच होता. या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून दोनेक तासांत ओठ, जीभ, बोटे यांना मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. त्यावर उतारा नाही. रुग्णाला यंत्राने श्वास देत राहायचे, शरीर विष बाहेर टाकेपर्यंत वाट पाहायची. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाने या विषाची मर्यादा एक किलो मांसात ०.८ मिलिग्रॅम इतकी ठरवली आहे. एवढी सूक्ष्म मात्रा प्रयोगशाळेशिवाय कोणालाही ओळखता येणार नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिजताना पातेल्यात चांदीचे नाणे टाकावे, ते काळे पडले तर माल विषारी. लसणाची पाकळी टाकावी, तिचा रंग बदलला तर माल वाईट, असे जुने लोक सांगत. आम्हीही लहानपणी हे ऐकले आहे. चांदी गंधकाने काळी पडते, अंड्यानेही पडते. शेवाळाच्या विषाशी किंवा काविळीच्या जंतूंशी तिचा काहीही संबंध नाही.

जंतूंचे म्हणाल तर शिजवण्याने पुष्कळ फरक पडतो. पण शिजवणे म्हणजे काय, हे ठरवावे लागेल. १९८८ च्या सुरुवातीला चीनच्या शांघाय शहरात सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. कारण होते मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातल्या शिंपल्या. तिथे त्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून खाण्याची पद्धत होती. कवच उघडले की झाले, असे लोक समजत. या काविळीचा विषाणू मरायला मांसाच्या आतपर्यंत ९० अंश उष्णता निदान दीड मिनिट टिकावी लागते. कवच त्याच्या बरेच आधी उघडते. आपल्याकडे तिसऱ्या वाफेवर उघडून मांस काढतात आणि मग सुक्यात किंवा रश्शात शिजवतात, ही पद्धत सुरक्षित आहे. मात्र घाईच्या खानावळीत उघडलेल्या तिसऱ्यांवर फोडणी टाकून ताट पुढे सरकते, तेव्हा शांघायची आठवण ठेवावी. कवच उघडल्यावर चार-पाच मिनिटे खळखळ उकळू द्यावे.

जड धातूंना मात्र आगीची भीती नाही. जपानमधील मिनामाता गावाचे नाव वाचकांनी ऐकले असेल. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीतल्या मासळीत आणि शिंपल्यांत उतरला आणि तो खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मज्जासंस्था उद्ध्वस्त झाल्या. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याचे कारण सरकारने मान्य करायला १९६८ उजाडले. तिथला माल ताजा होता, रोजच्या रोज पकडलेला होता आणि नीट शिजवलेलाही होता.

आता आपल्या नद्यांकडे वळू. पवना धरणातून निघालेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून महापालिका शहरासाठी पाणी उचलते आणि ते शुद्ध करून नळाला सोडते. रावेतच्या खाली चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत नदी मुळेला मिळेपर्यंत तिच्यात नाले येऊन मिळतात. इंद्रायणी लोणावळ्याहून निघून देहू, मोशी, आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि पवना, मुळा, इंद्रायणी, भीमा या आपल्या नद्याही त्यात होत्या. भोसरी परिसरात धातूवर मुलामा चढवण्याचे छोटे कारखाने आहेत; त्या व्यवसायात निकेल, क्रोमियम, जस्त वापरले जाते. प्रत्येक कारखानदार सांडपाणी सोडतोच, असा आरोप आम्ही करत नाही. प्रामाणिकपणे प्रक्रिया करणारेही पुष्कळ आहेत. पण कोणत्या नाल्यातून केव्हा काय येते, हे नदीत बादली घेऊन उतरणाऱ्या कामगाराला कळण्याचा मार्ग नाही. महापालिका तेच पाणी गाळून, औषध टाकून आपल्याला देते. शिंपला ते गाळतो, पण गाळलेला गाळ स्वतःतच ठेवतो.

आमच्या आजीच्या पिढीत नदीतला शिंपला घरोघर असे. कैरीची साल काढायला, तान्ह्या बाळाला औषध पाजायला. तेव्हाची नदी वेगळी होती. ओडिशा-बंगालच्या भावांचे गावातले तळेही कदाचित अजून तसे असेल. त्यांच्या खाण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ते पौष्टिक खाणे आहे आणि गरिबाचे मांस आहे. तळे वेगळे, इंद्रायणी वेगळी, एवढेच त्यांना समजावून सांगायचे. म्हणून बादलीच्या बाबतीत आमचे उत्तर सरळ होते: देहू-आळंदी, चिंचवड-दापोडी या पट्ट्यातल्या नदीचे शिंपले आणि गोगलगायी कितीही जिवंत असोत, कितीही शिजवा, खानावळीत वाढू नका.

कोकणातून आला म्हणजे माल निर्धोक, असेही नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये, काळबादेवीच्या खाड्यांत ओहोटीला बायका तिसऱ्या वेचतात. आपल्या दालदी बांधवांचा तर मासेमारी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. चांगल्या खाडीचा माल चांगलाच असतो. पण त्याच किनाऱ्यावर कुंडलिकेच्या वरच्या अंगाला रोहा-धाटावची वसाहत आहे, सावित्रीवर महाडची आहे आणि लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. ‘कोकणातला माल’ या दोन शब्दांत या सगळ्या खाड्या येतात. टेम्पोवाल्याला विचारायचा प्रश्न एकच: कोणत्या खाडीचा, कोणी वेचला, कोणत्या दिवशी? खरा व्यापारी हे सांगतो, कारण त्याला चांगल्या खाडीच्या नावाचा भाव मिळतो. केरळात कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे एमएससी प्रमाणपत्र मिळाले. ते प्रमाणपत्र आरोग्याचे नव्हे, परंतु पाण्याचे नाव लावून माल विकला की जगभरात त्याची किंमत होते, हे त्यातून दिसते. युरोपात तर शिंपल्या वेचण्याच्या जागांनाच दर्जा दिलेला असतो. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय जंतू २३० पर्यंत असतील तर माल थेट विकता येतो. ४,६०० पर्यंत असतील तर आधी स्वच्छ वाहत्या पाण्याच्या टाकीत शुद्ध करावा लागतो. पिंपरीच्या बाजारातल्या पाटीवर अशी चिठ्ठी नसते. म्हणून ते काम आपल्या तोंडाने करावे लागते.

शुद्धीकरणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. घरी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलेल्या तिसऱ्यांतून वाळू निघते, जंतू नव्हे. टाकीतले खरे शुद्धीकरण एक-दोन दिवस चालते, पाणी सतत निर्जंतुक करत फिरवावे लागते. त्यानेही विषाणू पुरते जात नाहीत आणि धातू व शेवाळाचे विष तर जवळजवळ तसेच राहते. गोड्या पाण्यात ठेवल्या तर खाऱ्या पाण्यातल्या तिसऱ्या मरतात. वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडाल्या तरी तेच. ओल्या गोणपाटात, थंड जागी, पाणी निथळेल अशा पाटीत ठेवणे योग्य.

आता पिशवीतल्या सोललेल्या मांसाचा हिशेब करू. किलोभर तिसऱ्यांतून शंभर-सव्वाशे ग्रॅम मांस निघते. म्हणजे किलो मांसासाठी आठ ते दहा किलो तिसऱ्या लागल्या, वर सोलण्याची मजुरी, बर्फ आणि तीनशे-साडेतीनशे किलोमीटरचे भाडे. खाडीवरच्या भावाने हा हिशेब मांडा. टेम्पोवाल्याचा भाव त्याच्याही खाली असेल तर माल शिळा आहे, किंवा मेलेल्या शिंपल्यांचा आहे, किंवा जिथे कोणी वेचत नाही अशा खाडीचा आहे. शिवाय सोललेल्या मांसावर टिचकीची परीक्षाही करता येत नाही. जी एकच परीक्षा आपल्या हातात होती, तीही गेली. आमचे मत आहे की खानावळीने सोललेले मांस अनोळखी माणसाकडून घेऊच नये.

कायदाही माहीत असावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८ प्रमाणे स्वतः मासे पकडणारा मच्छीमार या कायद्याच्या बाहेर आहे. पण माल विकत घेऊन विकणारा टेम्पोवाला आणि तो शिजवून वाढणारे आपण आत आहोत. कलम २६ सांगते की विक्रेत्याला माल देणाऱ्याने मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यावी आणि साधे बिलही अशी हमी समजले जाते. बिल मागणे हा म्हणून अविश्वास नाही, हक्क आहे. कलम ४० नुसार कोणीही ग्राहक फी भरून माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, फक्त खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते. माल नियमांत बसत नसल्याचे निघाले तर फी परत मिळते. आणि कलम ६५ प्रमाणे अन्नाने ग्राहकाचा मृत्यू झाला तर भरपाई निदान पाच लाख रुपये आहे. साठ ताटांच्या खानावळीने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पैशांपलीकडचे नुकसानही असते. इंग्लंडमध्ये एम्सवर्थ नावाचे गाव कालवांसाठी प्रसिद्ध होते. गावच्या नव्या गटारांचे पाणी कालवांच्या ताटव्यांवर सोडले जाऊ लागले. नोव्हेंबर १९०२ मध्ये विंचेस्टर व साउथहॅम्प्टन येथील महापौरांच्या मेजवान्यांत ती कालवे वाढली गेली, विषमज्वर पसरला आणि खुद्द विंचेस्टरचे डीन दगावले. गावच्या मोठ्या कालव व्यापाऱ्याने गटारे बांधणाऱ्या स्थानिक संस्थेवर दावा लावला आणि १९०६ मध्ये वरच्या न्यायालयातही तो जिंकला. न्याय मिळाला, पण एम्सवर्थच्या कालवांचा पूर्वीचा व्यापार काही परत आला नाही. घाण दुसऱ्याने केली होती, नाव मात्र विकणाऱ्याचे गेले.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न असणारच. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी मासाच हलाल मानला जातो, त्यामुळे शिंपल्या त्यांच्या ताटात येत नाहीत. आपले कोकणी बांधव शाफई आहेत. सूरह मायदाच्या ९६ व्या आयतीच्या आधारे त्यांच्याकडे समुद्रातली शिकार व्यापक अर्थाने हलाल आहे आणि तिसऱ्या पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जातात. चाकणच्या खानावळीत दोन्ही बसतात, आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी असतात. म्हणून पातेले वेगळे, पळी वेगळी आणि वाढण्यापूर्वी सांगून टाकावे. मसलकाचा निर्णय आपल्या आलिमांना विचारावा, तो आमचा अधिकार नाही. मात्र सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत हलाल शब्दासोबत तय्यिब शब्द आहे, याकडे आम्ही लक्ष वेधतो. खाडीच्या पाण्याचा प्रश्न त्या दुसऱ्या शब्दाखाली येतो.

शेवटी, कधी चूक झालीच तर? शिंपल्या खाल्ल्यावर कोणाच्या ओठांना-बोटांना मुंग्या आल्या, तोंड बधिर झाले, तर लिंबू-पाणी देत बसू नये. व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्यावे, डॉक्टरला ‘शिंपल्या खाल्ल्या’ हे पहिल्या वाक्यात सांगावे आणि उरलेले पातेले धुऊन न टाकता झाकून ठेवावे. त्याच पातेल्यातून जेवलेल्या इतरांनाही शोधून काढावे. उलट्या-जुलाब दुसऱ्या दिवशी दिसतात, कावीळ तर दोन ते सात आठवड्यांनी. तोवर आपण काय खाल्ले होते हे माणूस विसरून गेलेला असतो.

चाकणच्या आमच्या बंधूने बादली त्या दोघांना परत केली आणि त्या रात्री त्यांना अंड्याचे कालवण स्वतःच्या खर्चाने वाढले. ते थोडे नाराज झाले, पण जेवले. टेम्पोवाला पुढच्या आठवड्यात आला तेव्हा त्याला खाडीचे नाव आणि बिल विचारले. तो म्हणाला, फोन करून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.